फसकी ते रैतू बाजार : भाजीच्या पाटीतील मुठीचा इतिहास

जुन्या मराठी कागदपत्रांत आणि कोशांत ‘फसकी’ असा एक शब्द भेटतो. बाजारात विक्रीस मांडलेल्या धान्याच्या, मिरचीच्या किंवा भाजीच्या ढिगातून हक्कदाराने उचललेली मूठ, असा त्याचा अर्थ. हा हक्कदार कधी पेठेचा वतनदार असे, कधी सरकारी शिपाई, कधी गावकामगार. मूठ एवढीशी असते; पण उचलणारे हात पुष्कळ असले म्हणजे तिचे खरे माप संध्याकाळी पाटी रिकामी झाल्यावर आणि कनवटीचे पैसे मोजल्यावरच शेतकऱ्याला कळत असे.

माझे आजोबा बागवान होते. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी त्यांचा भाजी-फळांचा अडत-व्यवहार होता आणि पुढे आमचे घर हैदराबादेत आले. अभ्यासाच्या काळात हा शब्द मला प्रथम सापडला तेव्हा मी त्यांना विचारले, ‘आपल्याकडे फसकी होती का?’ ते हसले आणि म्हणाले, ‘बेटा, मुठ्ठी तो सबकी थी, हमारी बी थी.’ त्या उत्तरातील ‘हमारी बी’ हे दोन शब्द मला पुढे अनेक वर्षे पुरले. प्रस्तुत लेख हा त्यांचाच विस्तार समजण्यास हरकत नाही.

आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत शेतकरी येतो तो महसुलाच्या प्रकरणात. तोडरमलची व्यवस्था, मलिक अंबरची जमाबंदी, ब्रिटिशांची रयतवारी अशी नावे विद्यार्थी पाठ करतात. परंतु सारा भरल्यानंतर उरलेली पाटी डोक्यावर घेऊन तो बाजारात जातो तेव्हा त्याचे काय होते, या प्रश्नाला अभ्यासक्रमात जागा नाही. प्रवाशांच्या वर्णनांतही हीच उणीव दिसते. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेस आला. तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात याची त्याने आवर्जून नोंद केली आहे. मराठे लोकांच्या आहारात तांदूळ, भाज्या आणि तिळाचे तेल असते हेही त्याने टिपले. फळ दिसले, ताटातील भाजीही दिसली. पिकविणारा मात्र दिसला नाही. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. बाजाराचे वर्णन करणारा माणूस बहुधा शहराच्या बाजूने बाजारात शिरतो.

बाजार-नियमांची परंपरा मात्र शेतकऱ्याला विसरलेली नाही, आणि इस्लामी फिक्हमधील दोन नियम येथे पाहण्याजोगे आहेत. एक ‘तलक्की’चा : माल घेऊन येणाऱ्या तांड्याला शहराबाहेर वाटेतच गाठून खरेदी करू नये. दुसरा असा की शहरवासीयाने खेडुताच्या वतीने माल विकू नये. अब्दुल्ला इब्न अब्बास यांनी दुसऱ्याचा अर्थ सांगताना शहरवासीयाने खेडुताचा दलाल होऊ नये, असे स्पष्टीकरण केल्याचे प्रसिद्ध आहे. वरवर दोन्ही नियम एकाच जातीचे वाटतात, पण त्यांचा रोख एक नाही. पहिल्याने खेडुताचे रक्षण होते, कारण शहरातला भाव त्याला ठाऊक नसतो. म्हणून फसवणूक झाल्यास, बाजारात पोचल्यावर तो सौदा मोडण्याचा अधिकार त्याला काही फकीहांनी दिला आहे. दुसऱ्याने मात्र शहरातील गिऱ्हाइकाचे हित अधिक साधते. खेडूत स्वतः विकतो तेव्हा माल स्वस्त सुटतो. जाणता दलाल तोच माल धरून ठेवून महाग विकतो. या नियमांची व्याप्ती किती, याबद्दल मजहबांत मतभेद आहेत आणि त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की शेतकरी आणि गिऱ्हाईक यांचे हित प्रत्येक वेळी एक नसते, हे त्या जुन्या चर्चेत गृहीत धरलेले आहे. आजच्या चर्चेत ते पुष्कळदा विसरले जाते.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण दिल्लीचे. अलाउद्दीन खल्जीच्या बाजार-व्यवस्थेचे वर्णन झियाउद्दीन बरनीने केले आहे, आणि आपण ते वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवतो : गहू मणाला साडेसात जीतल, जव चार, तांदूळ व हरभरा प्रत्येकी पाच, माप कमी भरणाऱ्याच्या अंगाचे तेवढे मांस काढण्याची शिक्षा. शहराला आणि फौजेला धान्य स्वस्त मिळाले, दुष्काळातही भाव हलले नाहीत, हे खरे. परंतु उत्पन्नाचा निम्मा हिस्सा साऱ्यात गेल्यावर उरलेले धान्य शेताजवळच ठरल्या दराने कारवानी व्यापाऱ्यांना द्यावे, अशी तजवीज होती. म्हणजे व्यापाऱ्याला वाटेत गाठू नये असे जिथे फिक्ह सांगतो, तिथे सुलतानाने व्यापारी थेट शेताच्या बांधावर पाठविला. सातशे वर्षांनंतर आपण त्या स्वस्ताईचे कौतुक करतो ते शहरवासी म्हणून, एवढे तरी विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

दख्खनमध्ये बाजार वसविण्याची रीत वेगळी होती. नवी पेठ वसवायची तर राजसत्ता कौल देई. काही वर्षे जकात माफ, बिगार माफ, मग हळूहळू दस्तुराप्रमाणे वसुली. शेटे-महाजन हे पेठेचे वतनदार. पेठ आबाद ठेवणे हे त्यांचे काम आणि येणाऱ्या मालावर ठरीव हक्क हे त्यांचे उत्पन्न. आठवड्याच्या वारावरून पेठा आणि बाजार ओळखले जात. पुण्यात बुधवार, शुक्रवार आहेत, तसा हैदराबादेत जुमेरात बाजार आहे. या व्यवस्थेत शेतकऱ्याला एक लाभ निश्चित होता : ठरलेला वार, ठरलेली जागा आणि समोरासमोर गिऱ्हाईक. त्या जागेची किंमत तो बैठकीच्या पट्टीने, जकातीने आणि फसकीने चुकवीत असे. बाजाराचे शब्दही पाहा. बाजार, तराजू, दलाल, जकात, कौल, रयत हे सारे फारसी-अरबीतून दख्खनच्या भाषांत आले आणि येथलेच झाले. ‘रयत’ या अरबी शब्दाच्या मुळाशी राखणीतला कळप ही कल्पना आहे. तेलुगूत त्याचा ‘रैतु’ झाला आणि त्याचा अर्थ प्रजा न राहता शेतकरी एवढाच उरला. या बदलाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

एकोणिसाव्या शतकात मुठीचे नाव बदलले. वतनदाराचा हक्क गेला, त्याच्या जागी नगरपालिकेची जकात आणि दलालाची दलाली आली. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये शहरात भाजीपाला घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यावर पडणाऱ्या या दुहेरी बोजाचे वर्णन केले आहे. पुण्यातील मोठ्या मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यास त्यांचा नगरपालिकेत विरोध होता. ती मंडई १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने उघडली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते!

त्याच १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. वऱ्हाड त्या वेळी निजामाकडून घेतलेला मुलूख म्हणून हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली होता आणि बाजाराचा हुकूमही रेसिडेन्सीचाच. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आपल्याकडील बाजार समित्यांचे मूळ येथे आहे. मात्र यामागील प्रेरणा शेतकऱ्याविषयीची कळकळ ही नव्हती. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी दरात हवा होता. शेतकऱ्याच्या बाजूने स्पष्ट बोलणे १९२८ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात आढळते. तराजू-वजनांतील खोट, धर्मादायाच्या नावाने होणारी कपात, नमुन्यादाखल घेतलेला आणि परत न मिळणारा माल, आणि शेतकऱ्यापासून लपवून होणारे सौदे हे सर्व त्यात नोंदले आहे. यानंतर हैदराबाद संस्थानात १३३९ फसली, म्हणजे १९३० मध्ये, शेतमाल बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा.

लपवून होणारा सौदा म्हणजे काय, हे आपल्या तरुण अध्यापकांनी पाहिले नसेल. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत. बोटे धरून भाव सांगायचा, बोटे दाबून वाढवायचा. याला हत्ता म्हणत. सौदा रुमालाखाली चाले आणि ज्याचा माल तो शेतकरी रुमालाकडे बघत उभा. मी लहानपणी आजोबांबरोबर अडतीवर जात असे तेव्हा कायद्याने उघडा लिलाव आला होता, पण जुने रुमाल काही लगेच गेले नव्हते. हिशेबाच्या चिठ्ठीवर हमाली, तोलाई, कडता, अडत अशी एकाखाली एक ओळ असे. ‘कडता’ हा शब्द मला फार दिवस कळला नव्हता. माल वाळेल, सडेल, मातीचे वजन निघेल म्हणून आधीच कापून घेतलेले वजन तो कडता. कोथिंबीर असो की कांदा, कडता सुटत नसे.

आता ‘हमारी बी’ विषयी. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत, विशेषतः बेळगाव व विजापूर जिल्ह्यांच्या, बागवान ही मुसलमान जमात फळे-भाजी पिकविणारी व विकणारी म्हणून नोंदलेली आहे, आणि तिचे मूळ स्थानिक शेतकरी समाजात दाखविलेले आहे. नावच बागेवरून आले. पुढे अनेकांची जमीन सुटली आणि तराजू हाती राहिला. हे कसे झाले याचा अभ्यास आपल्या संस्थांमधून व्हायला हवा, कारण बाहेरचा कोणी तो करणार नाही.

बागवानाचे काम निव्वळ मूठ मारण्याचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्याकडे मोहोर आल्यावर आंब्याची बाग उक्ती घेत. सीताफळ, पेरू यांचेही तसेच. पैशांचा मोठा भाग शेतकऱ्याला आधी पोचे, मग गारपीट, वाऱ्या-वादळाची जोखीम घेणाऱ्याची. आजोबा उन्हाळ्याचे दोन महिने दुसऱ्याच्या बागेत झोपडी घालून राखण करीत. लग्नासाठी, बियाण्यासाठी शेतकऱ्याने उचल मागितली तर तीही देत. बँक तेव्हा खेड्यात नव्हती. पण ज्याने उचल घेतली त्याने आपला माल त्याच अडतीवर आणायचा, हाही अलिखित नियम होता, आणि उचल घेतलेला शेतकरी भावासाठी हुज्जत घालत नाही. मदत आणि बांधून घेणे यांत एकच दोरी होती. आजोबांना ते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ‘हमारी बी’ म्हटले असावे.

मधल्या माणसाला वगळून शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावे, हा प्रयोग सरकारी पातळीवर अलीकडचा. पंजाबने १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू केली. त्या वेळच्या एकत्रित आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये रैतू बाजार आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तमिळनाडूत मदुराई येथे उळवर संदै. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम काढली. या सर्वांत मला जवळून पाहता आला तो हैदराबादेतील मेहदीपट्टणमचा रैतू बाजार.

‘रैतू बाजार’ या नावातील दोन्ही शब्द वर सांगितलेल्या यादीतले, हे ध्यानात आले असेल. त्याची रचना साधी होती. महसूल, कृषी आणि फलोद्यान खात्यांच्या लोकांनी शहराजवळची गावे निवडायची. खरोखर भाजी पिकविणाऱ्याला छायाचित्रासह ओळखपत्र द्यायचे. बाजार-फी नाही, अडत नाही, कडता नाही. तराजू बाजाराकडून मिळे. पहाटे खेड्यांतून माल आणण्यासाठी परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांची सोय केली गेली. भाव रोज सकाळी शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि बाजाराचा अधिकारी मिळून ठरवीत : ठोक भावाहून सुमारे पाव हिस्सा जास्त, बाहेरच्या किरकोळ भावाहून सुमारे पाव हिस्सा कमी. मग तो फळ्यावर लिहिला जाई. रुमालाखालचा भाव फळ्यावर आला, ही माझ्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोठी गोष्ट. पाव-पाव हिश्शाच्या त्या सूत्रात शेतकरी आणि गिऱ्हाईक या दोघांच्या हिताचा तह आहे. जुन्या फकीहांनी ज्या प्रश्नावर इतका काथ्याकूट केला, त्याचे हे कारकुनी उत्तर मला आवडते.

सकाळी सातच्या आत गेले तरच बाजाराची मजा. शेताचे पाणी अजून पानांवर असते. कॉलेजात पहिला तास असला तरी मी वाट वाकडी करून जात असे, आणि पुष्कळदा पिशवीतली मेथी खुर्चीखाली ठेवून बाबर शिकवला आहे. पालेभाज्यांची रांग वेगळी. तोटकुरा म्हणजे आपला माठ, बच्चली म्हणजे मायाळू, चुक्ककुरा म्हणजे चुका. गोंगुरा तेलुगू बाईंचा, अंबाडी मराठी बाईंची आणि ‘अंबाडे की भाजी’ आमच्या दख्खनीची. पेंडी एकच, हाक तीन. बीरकाय-दोडका, दोंडकाय-तोंडली. विकणाऱ्यांत बायका पुष्कळ. त्यांना विचारावे तर कोणत्या गावची, पाणी बोअरचे की तळ्याचे, पाऊस झाला का, हे सगळे त्या सांगतात, कारण माल त्यांचा स्वतःचा असतो. अडतीवर आजोबांना हे प्रश्न मी कधी विचारताना पाहिले नाही. तिथे गावाचे नाव गोणीवर असे आणि माणूस गोणीमागे. हवामानाची बातमी वर्तमानपत्राआधी भाजीत येते, हेही मी तिथेच शिकलो. टोमॅटो एकाएकी कमी आणि लहान दिसला की जिल्ह्यात कुठेतरी कोणाचे तरी बिघडले आहे असे समजावे.

दोषही लपवण्याजोगे नाहीत. बसच्या पल्ल्यातला शेतकरीच येथे येऊ शकतो. दूरच्याला अडतीवाचून गती नाही. बटाटा, कांदा यांसारखा माल परमुलखातून येतो तो इथेही दुसऱ्यांच्या हातून येतो. शेतकऱ्याचे ओळखपत्र मिळवून व्यापारी बसतात, अशा तक्रारी वारंवार झाल्या आहेत. शेतकऱ्याने अर्धा दिवस बाजारात बसायचे तर शेतात कोण, हा प्रश्न आहेच. बहुधा त्याचे उत्तर घरातील बाई दुप्पट राबून देते. आणि आमच्या जमातीचे म्हणाल तर, थेट विक्री वाढली की बागवानाचे हातगाडे कमी होणार, हे उघड आहे. माझ्या भावंडांपैकी एकाने याच कारणासाठी रैतू बाजारावर कायम राग धरला. त्याचे म्हणणे असे, की उचल देताना आम्ही हवे होतो. ते अगदीच खोटे नाही. २०२० मध्ये केंद्राने बाजार आवाराबाहेरच्या व्यापाराचा कायदा केला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. त्या वर्षभराच्या आंदोलनात उत्तरेकडील कित्येक शेतकरी अडत्याच्या बाजूने का बोलत होते, ते मला माझ्या भावामुळे समजले.

इतिहासाच्या अध्यापकांसाठी एक सूचना करून ठेवतो. आपापल्या गावचा आठवडे बाजार हे दप्तरखाना नसलेल्या महाविद्यालयाचे दप्तर आहे. म्हापशाचा शुक्रवार असो, बेळगावचा शनिवार असो, विद्यार्थ्यांना तेथे पाठवून एकच प्रश्न विचारायला सांगावा : पाटी घरून निघाल्यापासून रिकामी होईपर्यंत तिच्यातून कोणकोण काय घेते? भाडे, जागेची पट्टी, हमाल, चहा, पोलीस, उसनवारीचा हप्ता. उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत आणि जुन्या कागदांतील हक्कांच्या यादीशी ताडून पाहावीत. मी हे दोन वर्षे केले. यादी लांबीने फारशी कमी झालेली नव्हती, नावे तेवढी बदलली होती.

त्या यादीत एका विद्यार्थिनीने शेवटी ‘गिऱ्हाईक’ असे लिहून आणले होते. मी कारण विचारले. ती म्हणाली, प्रत्येकजण पैसे दिल्यावर वर मूठभर मागतो, सर. तुम्हीसुद्धा मागता, मी मेहदीपट्टणमला पाहिले आहे. तेलुगूत या वरच्या मुठीला ‘कोसरु’ म्हणतात. विकणारी स्वखुशीने घालते तो कोसरु; आपण हात पुढे करून घेतो तेव्हा त्याला काय म्हणावे, याचा शब्द तेलुगूत आहे की नाही ठाऊक नाही, मराठीत मात्र लेखाच्या पहिल्याच ओळीत आला आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात मी नेहमीच्या बाईंकडून वांगी घेतली, आणि कोथिंबिरीची पेंडी उचलून तिचे किती झाले असे विचारले. इतकी वर्षे ती पेंडी मी तशीच पिशवीत टाकत आलो होतो. बाईंनी आधी माझ्याकडे आणि मग फळ्याकडे पाहिले. फळ्यावर कोथिंबिरीचा भाव रोज लिहिलेला असे. तो मी त्या दिवशी प्रथम वाचला. त्यांनी पैसे घेतले, मोजले, आणि मी वळलो तेव्हा मागून हाक मारून दोन हिरव्या मिरच्या पिशवीत टाकल्या.